फ्रीझरमधली सीडी आणि पाच हजारांची केबल: एका फिरत्या संदेशाला उत्तर

‘घरी सिनेमा पाहण्यासाठी डिस्क प्लेयर घेताय? आधी हे वाचाच!’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. खाली ‘एका ज्येष्ठ ध्वनितज्ज्ञाकडून’ एवढीच सही आहे. तज्ज्ञाचे नाव नाही, गाव नाही. एरवी मी तो वाचून सोडून दिला असता. परंतु तो आमच्या घरच्या गटावरून मामांपर्यंत पोहोचला, आणि निवृत्तीनंतर आपला जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर हौसेने दुरुस्त करून घेतलेल्या या गृहस्थांनी नाट्यसंगीताच्या सीडी खरोखरच फ्रीझरमध्ये ठेवल्या व पाच हजारांची केबल मागवायची तयारी केली, तेव्हा हे लिहिणे भाग पडले.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ब्लू-रे प्लेयरवर सीडी आणि डीव्हीडी चालत नाहीत, म्हणून दोन यंत्रे घ्यावीत. पन्नास हजारांखालचा प्लेयर म्हणजे खेळणे. सिनेमातील संवाद पुटपुटल्यासारखे ऐकू येतात ते स्वस्त प्लेयरमुळेच. प्लेयर टीव्हीला जोडणारी एचडीएमआय केबल पाच हजारांच्या आतली नसावी. सीडीचा आवाज मुळातच अपुरा असल्याने स्टिरिओसाठी हाय-रेझोल्यूशन (सीडीपेक्षा बारीक मापाने ध्वनी साठवणारी) डिस्क लागते. ‘4के अपस्केलिंग’ (कमी बिंदूंचे चित्र 4के पडद्याएवढे वाढवण्याची सोय) असलेला डीव्हीडी प्लेयर घेतला तर 4के डिस्क घेण्याची गरज नाही. डिस्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून, कडेला हिरवा मार्कर फिरवून आणि चरे पडले असल्यास टूथपेस्टने घासून मगच लावावी. आणि परदेशातील डिस्क भारतात चालतच नाहीत.

फ्रीझरपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या सल्ल्यांनी पैसे जातात, या सल्ल्याने मात्र डिस्कच जाते, आणि आज दुकानात न मिळणारी नाट्यसंगीताची सीडी एकदा गेली की ती पुन्हा कुठून आणणार? संदेशात म्हटले आहे की थंडीमुळे प्लॅस्टिकमधला ताण निघून जातो आणि आवाज उजळतो. सीडीवर आवाज नसतो, अंक असतात. पॉलिकार्बोनेटच्या १.२ मिलिमीटर जाडीच्या चकतीत सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने ते कारखान्यातच उमटवलेले असतात, आणि परावर्तित होणाऱ्या लेसरच्या चढउतारावरून प्लेयर ते वाचतो. गोठवल्याने एकाही खळग्याची जागा बदलत नाही. बदलली, तर ती डिस्क उजळली असे नव्हे, बिघडली असे म्हणावे लागेल. शिवाय प्लॅस्टिक, त्यावरचा धातूचा पातळ थर आणि वरचे लाखेसारखे आवरण हे तिन्ही थंडीत सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कवर आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, क्षणात दव धरते आणि तीच ओली चकती हे लोक प्लेयरमध्ये सरकवायला सांगतात.

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ मध्ये ग्रंथालये आणि अभिलेखागारांसाठी सीडी व डीव्हीडी हाताळण्याची एक सविस्तर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. या विषयावर एकच कागद वाचायचा असेल तर तो हा वाचावा. दीर्घकाळ साठवणुकीसाठी तिने ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सुचवली आहे, आणि तापमानात एकदम होणारे बदल टाळायला सांगितले आहे. हे आकडे दशकानुदशके जपायच्या संग्रहासाठी आहेत; घरी रोज ऐकण्याच्या डिस्कला सावलीतले कोरडे कपाट पुरते. डिस्क पुसायची ती सुती मऊ कापडाने, मधल्या छिद्राकडून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल फिरवून नाही, कारण माहितीची पट्टी गोलाकार धावते आणि तिच्या दिशेने पडलेला चरा सलग माहिती खातो. हट्टी डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. सीडीची नाजूक बाजू खालची चमकदार नसून वरची छापील आहे, कारण धातूचा थर छपाईच्या अगदी लगत असतो, हेही ती मार्गदर्शिका स्पष्ट करते. छापील बाजू खाली टेकवून ‘निदान चमकदार तरी वाचली’ असे समाधान मानणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

हिरव्या मार्करची कथा जुनी आहे. कडेवरची हिरवी शाई लेसरचा भरकटलेला प्रकाश शोषून घेते, असा तिचा दावा. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त असतो. शाई डोळ्यांना हिरवी दिसते म्हणून ती अवरक्त प्रकाश शोषते, असे कोणत्या भौतिकशास्त्रात लिहिले आहे? आणि थोडा प्रकाश भरकटला तरी वाचलेले अंक तेच राहतात. सीडीच्या रचनेत त्रुटी दुरुस्त करण्याची इतकी तजवीज आहे की पट्टीवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग खंडही प्लेयर अचूक भरून काढतो.

टूथपेस्टच्या बाबतीत मात्र अर्धे सत्य मान्य केले पाहिजे. सीडीच्या खालच्या बाजूचा उथळ चरा सौम्य घासणीने गुळगुळीत होऊन अडलेली सीडी पुन्हा चालू झाल्याची उदाहरणे आहेत, कारण तिथे माहिती पृष्ठभागापासून जवळजवळ पूर्ण १.२ मिलिमीटर आत असते. डीव्हीडीत ती ०.६ मिलिमीटरवर येते आणि ब्लू-रेमध्ये अवघ्या ०.१ मिलिमीटरवर. त्या पातळ थरावर चरे पडू नयेत म्हणून कठीण लेप दिलेला असतो, आणि टूथपेस्ट घासायची म्हणजे नेमका तोच लेप खरवडायचा. संदेशात सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे यांना सरसकट एकच उपाय सांगितला आहे, यावरून लिहिणाऱ्याला डिस्कची रचनाच माहीत नसावी असे वाटते.

आता केबल. एचडीएमआयमधून अंक जातात. ते नीट पोहोचले तर चित्र आणि आवाज जसा आहे तसा मिळतो. नाही पोहोचले तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, आवाज तुटतो किंवा पडदा काळा होतो. अंकांत ‘थोडा अधिक गोडवा’ मिसळणारी केबल अस्तित्वात नाही. 4के डिस्कसाठी १८ गिगाबिट प्रतिसेकंद क्षमतेची, ‘प्रीमियम हाय स्पीड’ असे प्रमाणपत्राचे लेबल असलेली केबल पुरेशी आहे. केबल भिंतीतून फिरवून पाच-सात मीटर न्यायची असेल तर दर्जाकडे लक्ष द्यावे, एवढेच.

प्लेयरच्या किमतीबद्दलचा मुद्दा थोडा गुंतागुंतीचा आहे, कारण इथे संदेशकर्त्याच्या हाती चुकून खऱ्याचा एक तुकडा लागलेला आहे. प्लेयरमधून आवाज एचडीएमआय, कोएक्सिअल किंवा ऑप्टिकल मार्गाने अंकरूपातच बाहेर पडत असेल, तर अंकाचे ध्वनीत रूपांतर पुढचे यंत्र करते आणि स्वस्त व महाग प्लेयरच्या आवाजात फरक पडण्याचे कारण उरत नाही. परंतु लाल-पांढऱ्या पिनांनी थेट जुन्या ॲम्प्लिफायरला जोडायचे असेल, तर रूपांतर प्लेयरच्या आतच होते आणि तिथे त्या सर्किटचा दर्जा मोजावा लागतो. त्यामुळे मामांसारख्या माणसाने किमतीची चिठ्ठी पाहण्याआधी प्लेयर उलटा करून मागची बाजू पाहायला हवी. पॅनासॉनिकच्या यूबी८२० या प्लेयरला मागे ७.१ चॅनेलची, म्हणजे आठ स्पीकरांसाठीची, ॲनालॉग (अशा पिनांची) आउटपुट आहेत. सोनीच्या एक्स७०० ला ती नाहीत, तिथे दोन एचडीएमआय आणि एक कोएक्सिअल मिळते. दुसऱ्या प्रकारचा प्लेयर आणला तर ॲम्प्लिफायरच्या आधी एक स्वतंत्र डीएसी (अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारे यंत्र) जोडावा लागेल. जुन्या टीव्हीची पिवळी पिन तर विसरावीच: ब्लू-रेच्या नक्कल-संरक्षण करारानुसार २०१३ नंतरच्या नव्या प्लेयरांतून ॲनालॉग चित्र-आउटपुट काढून टाकण्यात आले. यांपैकी एकही गोष्ट त्या संदेशात नाही. पन्नास हजारांचा आकडा मात्र ठळक अक्षरांत आहे.

संवाद ऐकू न येण्याचे खापर प्लेयरच्या किमतीवर फोडणे हा तर शुद्ध अन्याय आहे. सिनेमाच्या ५.१ (सहा चॅनेलच्या) ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलमध्ये असतात. घरी दोनच स्पीकर असतील तर तो मधला चॅनेल डाव्या-उजव्या स्पीकरांत मिसळावा लागतो, आणि हे काम प्लेयरला मेनूतून सांगावे लागते. ७.१ आउटपुटपैकी फक्त पुढच्या दोन पिना जोडल्या आणि प्लेयरला ‘मधला स्पीकर नाही’ हे सांगितलेच नाही, तर संवाद न जोडलेल्या पिनेतून हवेत जातात आणि घरात फक्त पार्श्वसंगीत व मोटारींचे आवाज घुमतात. असा प्लेयर पन्नास हजारांचा असला तरी हेच होईल. मेनूत डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर (साध्या, न दाबलेल्या अंकरूप ध्वनीवर) आणि डाउनमिक्स, म्हणजे चॅनेल एकत्र मिसळण्याची सोय, ‘स्टिरिओ’वर ठेवावे. रात्री शेजाऱ्यांचा विचार करायचा असेल तर डायनॅमिक रेंज, म्हणजे मोठ्या आणि हळू आवाजातले अंतर, कमी करण्याची सोयही बहुतेक प्लेयरांत असते. तिने स्फोट खाली येतात आणि कुजबुज वर. संगीत ऐकताना ती बंद ठेवावी. ऑप्टिकल तारेतून डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ही ब्लू-रेवरची बहुचॅनेल ध्वनिरूपे जात नाहीत, हेही खरे. पण दोन स्पीकरच्या घरात त्याचे दुःख करण्याचे कारण नाही, कारण दोन चॅनेलचा पीसीएम त्यातून व्यवस्थित जातो.

सीडी ‘मुळातच अपुरी’ आहे का? ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट (सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा) या सीडीच्या मापावर दशकानुदशके वाद चालू आहे. मेयर आणि मोरन या दोघांचा शोधनिबंध २००७ मध्ये ‘ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटी’च्या नियतकालिकात आला. त्यांनी हाय-रेझोल्यूशन डिस्कचा आवाज एकदा तसाच आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकवला. ऐकणाऱ्याला कोणता कोणता हे माहीत नव्हते. ५५४ चाचण्यांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून जे जमले असते तेवढेच. त्या निबंधावर पुढे टीकाही झाली, पण ‘सीडी अपुरी’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याने निदान त्याच्या तोडीची एखादी चाचणी दाखवावी. सीडीचा आवाज नावडत असेल तर खोलीतील स्पीकरांची जागा आधी बदलून पाहावी.

अपस्केलिंगच्या दाव्याला साधा हिशेब पुरतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० चित्रबिंदू असतात. 4के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००. हे बरोबर वीस पट आहेत. डिस्कवरच्या एका बिंदूमागे एकोणीस बिंदू अंदाजाने भरायचे, आणि हे काम तुमचा 4के टीव्ही स्वतःच करत असतो. त्यासाठी वेगळा प्लेयर कशाला?

ब्लू-रे प्लेयरवर सीडी चालत नाही, या समजाचे मूळ बहुधा पहिल्या पिढीत आहे: २००६ मध्ये आलेला सोनीचा बीडीपी-एस१ खरोखरच सीडी वाजवत नव्हता. आजचे ब्लू-रे आणि यूएचडी (म्हणजे 4के डिस्क चालवणारे) प्लेयर सीडी व डीव्हीडी चालवतात. घरात जुन्या व्हीसीडी असतील तर मात्र त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात खात्री करून घ्यावी.

शेवटचा मुद्दा परदेशी डिस्कचा, आणि तो अर्धवट खरा असल्यामुळे सर्वाधिक गोंधळ घालतो. डिस्क कुठे चालावी यासाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात आणि अमेरिका पहिल्या विभागात येते. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ आणि अमेरिका ‘ए’ विभागात. तिकडची विभागबद्ध डिस्क इथल्या प्लेयरवर अडते, हे मान्य. परंतु सगळ्याच डिस्क विभागबद्ध नसतात, आणि यूएचडी ब्लू-रेला विभागाचे बंधनच नाही. त्यामुळे न्यू जर्सीहून येणाऱ्या भाचीने सिनेमाचा 4के संच आणला, तर त्यातली यूएचडी डिस्क मामांच्या यूएचडी प्लेयरवर चालेल. त्याच डबीतली साधी ब्लू-रे मात्र ‘ए’ विभागापुरती बांधलेली असेल तर चालणार नाही.