लग्न नक्की कोणाचे?

लग्न आमचे असले, तरी पाहुण्यांच्या यादीतली निम्मी माणसे आम्ही दोघांनी आजवर पाहिलेलीही नाहीत, आणि त्याबद्दल अवाक्षर काढले की दर वेळी ‘खर्च कोण करते आहे?’ हाच प्रश्न तोंडावर फेकला जातो. खर्च उचलणे म्हणजे निर्णयाचा हक्क विकत घेणे, हे आधीच स्पष्ट केले असते, तर आम्ही आमच्या ऐपतीत बसेल असा छोटासा समारंभ आनंदाने केला असता. आता पत्रिकेवर कोणाच्या आईवडिलांची नावे वर छापायची यावरून दोन्ही घरांत अबोला आहे; माझ्या होणाऱ्या बायकोच्या नावातली वेलांटी मात्र चौथ्या मसुद्यातही चुकलेलीच आहे (वधूचे नाव कोण वाचतो म्हणा!) आणि ती चूक आजवर एकाही वडीलधाऱ्याला दिसलेली नाही.