झोपून राहणाऱ्या माणसाला घर कसं दिसतं?

डोंबिवलीच्या आमच्या जुन्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू आहे आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज तेच, कार्पेट एरिया किती वाढला, पार्किंग कुणाला, आणि सँपल फ्लॅट बघून आल्यापासून फॉल्स सीलिंग. मी फिनलंडात तुर्कूला बसून वाचतो आणि गप्प राहतो. यावेळी लिहितोय ते आईमुळे.

मागच्या वर्षी खुब्याच्या ऑपरेशननंतर आई भाड्याच्या फ्लॅटमध्ये दीड महिना पाठीवर पडून होती, वर अशीच सीलिंग, बरोब्बर डोळ्यांवर पांढराफेक एलईडी. ती दिवसभर पदर डोळ्यांवर घेऊन पडायची आणि आम्हाला वाटायचं रुसलीय, बोलत नाही. लाईट बंद केला की अंधार, कारण खिडकी डोक्यामागे.

इथे जवळच पायमिओ गावात फिनिश आर्किटेक्ट आल्वार आल्तोने बांधलेलं टीबीच्या पेशंटांचं सॅनेटोरियम आहे, १९३३ चं. माणूस आडवाच असणार हे धरून खोल्या केल्यात. छताला गडद हिरवा रंग, दिवा नजरेत न येणारा, खोलीत दोघं म्हणून बेसिनसुद्धा असं की पाण्याचा आवाज दुसऱ्याला होऊ नये. ते बघताना मला सारखा आईचा पदर आठवत होता. १९८४ मध्ये रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलचे रेकॉर्ड तपासून दाखवलं होतं की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसायची ते, समोर विटांची भिंत असणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, स्ट्राँग पेनकिलरही कमी लागल्या.

पण म्हणून इथलं सगळं उचला असं मी अजिबात म्हणणार नाही. डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, घरोघरी खाली टांगलेले पिवळसर दिवे लागतात, छान वाटतं, पण माझ्या मजल्यावर कोण राहतं मला चार वर्षांत कळलेलं नाही. आपल्या जुन्या बिल्डिंगीत कॉमन गॅलरी होती, आई भाजी निवडायला तिथेच बसायची, तिचा अर्धा दिवस माणसांत जायचा. नव्या प्लॅनमध्ये लिफ्टसमोर चार बंद दारं आहेत आणि यावर ग्रुपवर एक शब्द नाही!

इलेक्ट्रिकल पॉइंट अजून ठरायचेत. सेक्रेटरी काकांना मेसेज टाकलाय की बेडच्या वरचा पॉइंट काढून भिंतीवर घ्या आणि लिफ्टपाशी खिडकीखाली एक बाकडं द्या. बाकड्याचा खर्च मी करतो.