आधी कार्ड छापा, नोकरी मागून येईल

डिग्री झाली, बायोडेटाच्या झेरॉक्स संपल्या, कुपवाड एमआयडीसीतली कुत्रीसुद्धा आता तुमच्या गाडीमागे धावायचा कंटाळा करतात, आणि तरी नोकरी नाही? अहो, मिळेल कशी! तुमच्याकडे व्हिजिटिंग कार्डच नाही. ज्याला नोकरी असते त्याच्याकडे कार्ड असतं, हे तर तुम्ही रोज बघताय. मग आधी कार्ड आणा, नोकरी झक मारत मागून येईल.

सांगलीच्या गावभागातल्या एखाद्या डीटीपीवाल्याला गाठा. साडेतीन बाय दोन इंच, ३०० जीएसएमचा जाड कागद, मॅट लॅमिनेशन आणि नावावर स्पॉट यूव्ही, म्हणजे उजेडात तिरकं धरलं की निदान नाव तरी चमकेल. शंभरच कार्डं मागाल तर तो तुमच्याकडे कीव आल्यासारखा बघेल. ऑफसेटला प्लेटचा खर्च शंभराला तेवढाच, हजारालाही तेवढाच, तेव्हा घ्या हजार. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून हजार एचआर तरी आहेत का, असले अशुभ विचार त्या वेळी मनात आणू नयेत.

तो कोरल ड्रॉमध्ये ट्रॅक्टर स्पेअर पार्ट्सच्या दुकानाचं जुनं कार्ड उघडेल आणि त्यावरच तुमचं नाव टाईप करेल. वर गणपती, नावाआधी ‘प्रो. प्रा.’ आणि तळाला ‘आमची कोठेही शाखा नाही’. ‘प्रो. प्रा.’ तेवढं काढायला लावा, नाहीतर लोक थ्रेशरचा पट्टा मागतील. तळाची ओळ राहू द्या. त्यात खोटं काय आहे?

हुद्द्याची जागा मोकळी दिसली की पोटात गोळा येतो. तिथे ‘कन्सल्टंट’ टाका. कशाचे, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. विचारलंच तर मोबाईल कानाला लावून बाजूला व्हायचं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एखाद्या कार्यालयात बसला असाल तर ‘शासकीय अनुभव’ असं ठसठशीत छापा. २०२४ साली सुरू झालेल्या या योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन होतं, मुदत सहा महिन्यांची होती, ती वाढून अकरा झाली. बाराव्या महिन्याचं काय, ते छापायला कार्डावर जागा उरत नाही.

आता खरी मेख. कार्डावर नाव, नंबर, मेल, क्यूआर कोड सगळं असतं, पण साहेब ज्या एका गोष्टीवरून माणूस घेतो तीच नसते. आपल्याकडे मुलाखतीतला पहिला प्रश्न ‘गाव कुठलं?’ आणि दुसरा ‘कुणाचा रं तू?’ तिसऱ्या प्रश्नापर्यंत निकाल लागलेला असतो. तेव्हा स्वतःचं नाव आठ पॉइंटात घ्या आणि त्याखाली चौदा पॉइंटात, ठळक, मामांचं नाव. मामा कारखान्याचे संचालक असतील तर फोटोसकट. नुसते सभासद असतील तर फोटो नको, ‘सहकार क्षेत्राशी निगडित’ पुरे. मामाच नसतील तर मागच्या बाजूला वालचंद कॉलेजचं चित्र टाका. तिथे शिकला नसाल तरी विश्रामबागेत राहता की! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा अडाणी माणसांनाही हाताशी धरून काम शिकवलं. करणार काय बिचारे, मामांचं नाव छापलेली कार्डं तेव्हा कुठे होती!

कार्ड देण्याचीही रीत असते. जपानात ते दोन्ही हातांनी, किंचित वाकून देतात. तुम्हीही द्या. कुपवाडच्या गेटवर वॉचमनकाका उठून उभे राहतील, “कवा हाय लगीन?” विचारतील. गैरसमज दूर करण्याची घाई नको, तेवढ्यात पाणी मिळतं. मग ते कार्ड उलटं करून त्यावर आत आलेल्या टेम्पोचा नंबर लिहायला जातील आणि पेन घसरेल. म्हणून सांगतो, मागच्या बाजूला लॅमिनेशन करू नका. आत एचआर मॅडमपर्यंत पोचलात तर त्या कार्ड हातात घेऊन, छान आहे म्हणून, सांगतील, “बायोडेटा मेल करून ठेवा.” तो तुम्ही मार्चमध्येच केलेला असतो. ते बोलायचं नाही.

उरलेली कार्डं लग्नात, बारशात, मिरजेच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर, जिथे माणूस दिसेल तिथे वाटा. फोन यायला लागतील. पहिला पर्सनल लोनवाल्याचा, दुसरा पॉलिसीवाल्याचा, तिसरा वर्गातल्याच मित्राचा. त्याच्याकडे हॉटेलात एक ‘बिझनेस प्लॅन’ असतो आणि टाय लावून यायचं असतं. आईच्या पर्समध्ये ठेवलेल्या पाचपंचवीस कार्डांवर मात्र स्थळं विचारायला लागतात. मुलीचे वडील कार्ड डोळ्यांजवळ नेऊन ‘कन्सल्टंट’ वाचतात आणि विचारतात, “म्हणजे पगार किती?” लेबर कॉन्ट्रॅक्टर तेही विचारत नाही. त्याचा फोन रात्री साडेनऊला येतो.

“उद्यापासनं नाईटला ये. आधारची झेरॉक्स, पासबुक आणि दोन फोटो आण.”

“सर, माझं कार्ड…”

“पंचिंग कार्ड कंपनी देती रं. बूट तेवढं आपलं आण.”