पगार नको, पगाराचा आकडा द्या

अभिनंदन. कंपनीचं पगाराचं धोरण ठरवायचं काम तुमच्याकडे आलं आहे. आता संचालकांना पटवायचं की माणसांवर खर्च कमी होतो, आणि माणसांना पटवायचं की त्यांच्यावर खर्च फार होतो. घाबरू नका, दोन्ही गोष्टी एकाच तक्त्यातून निघतात. कोणती ओळ कोणाला दाखवायची, एवढं कळलं की झालं.

सुरुवात इतर कंपन्यांच्या पगारांच्या सर्व्हेपासून करा. ‘आम्ही बाजाराच्या मध्यकाइतका पगार देतो’ (मध्यक म्हणजे सगळे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा) हे वाक्य धोरणाच्या पहिल्या पानावर हवंच, आणि ते खोटं असून चालणार नाही. म्हणून बाजार तुम्ही निवडा. तुमची माणसं सोडून ज्या कंपन्यांत जातात, त्या तुलनेला घेऊ नका. ज्या कंपन्यांतून तुमच्याकडे येतात, त्या घ्या. पद जुळवताना कामाचं वर्णन वाचत बसायचं नाही, पदनाम जुळलं की पुरे. तुमचा ‘वरिष्ठ विश्लेषक’ चौघांचं काम एकटा पाहत असेल, पण सर्व्हेतला वरिष्ठ विश्लेषक तीन वर्षांच्या अनुभवाचा असेल, तर तोच तुमचा जुळा भाऊ.

आकड्यांच्या तारखेकडेही दुर्लक्ष करा. सर्व्हेची माहिती गोळा होते एकदा, छापली जाते नंतर आणि तुमची पगारवाढ लागू होते त्याहूनही नंतर. मधल्या काळात बाजार किती सरकला याचा अंदाज धरून जाणते लोक आकडे पुढे आणून घेतात. तुम्ही ती तसदी घेऊ नका. बाजार वर्षाला ६ टक्क्यांनी सरकत असेल आणि आकडे दीड वर्षापूर्वीचे असतील, तर खरा मध्यक तुमच्या मध्यकाच्या ९ टक्के पुढे निघून गेलेला असतो. एक पैसाही कापला नाही, एक अक्षरही खोटं लिहिलं नाही, फक्त कॅलेंडर पाहिलं नाही.

आता बँड बांधा, म्हणजे एका पदाच्या पगाराची चौकट. मध्यबिंदू, म्हणजे बाजाराचा मध्यक, १००, तळ ८०, माथा १२०. कर्मचाऱ्याचा पगार भागिले मध्यबिंदू, या भागाकाराला कॉम्पा-रेशो म्हणतात. ८५ पगाराचा माणूस ०.८५ वर, ११० चा १.१० वर. यावरून वाढीचा तक्ता होतो: आडवं रेटिंग, उभा कॉम्पा-रेशो. त्यात १.१० वरच्या उत्कृष्ट माणसाला ५ टक्के आणि ०.८५ वरच्या सर्वसाधारण माणसाला ६ टक्के मिळू शकतात. यामागचा तर्क खरं तर शुद्ध आहे. पहिल्याला बाजारापेक्षा जास्त मिळतच आहे, दुसऱ्याला बाजारापर्यंत आणायचं आहे. पाच मिनिटांत समजावता येतो. म्हणूनच समजावू नका. तक्ता दाखवला की बँड दाखवावा लागतो, बँड दाखवला की शेजारचा कुठे बसला आहे हे मोजता येतं, आणि मग लोक काम सोडून भागाकार करत बसतात. उत्कृष्ट माणसाला एवढंच सांगा, ‘यंदा बजेट टाइट होतं.’

बजेट खरोखरच टाइट असेल, तर तारीख सरकवा. वाढ वर्षाच्या पहिल्या महिन्यापासून असायची, ती ‘प्रक्रिया अजून चालू आहे’ म्हणत चौथ्यापासून द्या, मागची थकबाकी न देता. ६ टक्के वाढ तीन महिने उशिरा, म्हणजे वर्षाच्या पगारखर्चातले दीड टक्के वाचले. १०० माणसांमागे दीड माणसाचा पूर्ण वर्षाचा पगार. पुढच्या वर्षी चौथा महिना हीच परंपरा होते आणि कोणी विचारतही नाही.

यानंतर रेटिंग. जॅक वेल्च प्रमुख असताना जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने २०-७०-१० ही विभागणी जगभर गाजवली: वरचे २० टक्के, मधले ७०, आणि खालच्या १० टक्क्यांना दार. हजारोंच्या कंपनीत या टक्केवारीला निदान गणिताचा आधार तरी मिळतो. तुम्ही ती सहा जणांच्या गटाला लावा. सहाचे १० टक्के म्हणजे ०.६ माणूस. तो उपलब्ध नसल्याने पूर्णांकात करायचा, म्हणजे एक. आता गटप्रमुख दरवर्षी एक बळी शोधेल. हुशार गटप्रमुख तर एखादा कच्चा माणूस मुद्दाम सांभाळून ठेवेल, कारण तो गेला तर पुढच्या खेपेला चांगल्यातलाच एक खाली ढकलावा लागेल. अशा रीतीने कच्ची माणसं काढण्याची पद्धत कच्च्या माणसांची नोकरी पक्की करते. सगळ्या गटांची रेटिंग्ज एकमेकांशी जुळवण्याच्या ‘कॅलिब्रेशन’ नावाच्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याच्या गटाला वरची रेटिंग्ज मिळतात. या बैठकीचं इतिवृत्त ठेवू नका.

एवढ्या यातायातीचं फळ काय, तेही पाहून घ्या. बँडमध्ये एकाच जागी बसलेल्या दोघांत सर्वसाधारणाला ६ टक्के, उत्कृष्टाला ८. वर्षाचा पगार १०० धरला तर फरक २ चा, म्हणजे महिन्याला ०.१७, तोही कर कापण्यापूर्वीचा. वर्षभराच्या जागरणांचा हा भाव आहे. त्यासोबत प्रशस्तिपत्र द्यावं. कागद जाड असावा.

पण तुमची खरी करामत बोनसमध्ये. पगार एकदा वाढवला की खाली आणता येत नाही. बोनस मात्र दरवर्षी नव्याने न देता येतो. ऑफर लेटरमध्ये ‘२० टक्क्यांपर्यंत’ असं लिहा. ‘पर्यंत’ हा मराठीतला सर्वांत स्वस्त शब्द आहे. मग तीन गुणक ठरवा: कंपनीचा, विभागाचा, व्यक्तीचा. त्यांची बेरीज करून सरासरी काढू नका, गुणाकार करा. कंपनी ०.८, विभाग ०.९, व्यक्ती १.०, गुणाकार ०.७२, आणि २० चे झाले १४.४. ज्याने जिवाचं रान केलं त्याला व्यक्तीसाठी १.२ द्या. गुणाकार ०.८६. म्हणजे अपेक्षेहून वीस टक्के जास्त काम करणाऱ्यालाही ठरल्यापेक्षा चौदा टक्के कमी, आणि तरी पत्रावर ‘तुमचा वैयक्तिक गुणक १२० टक्के’ असं ठळक छापता येतं. वर्षाची उद्दिष्टं चौथ्या महिन्यात जाहीर करा आणि बोनस पुढच्या वर्षाच्या पाचव्यात द्या. अट एकच, पैसे देण्याच्या दिवशी माणूस नोकरीत हवा आणि राजीनामा दिलेला नको.

पगारातला मोठा हिस्सा अटींवर टांगून ठेवायची कल्पना तुमची नाही, तेव्हा हुरळून जाऊ नका. १९१३ साली फोर्डच्या कारखान्यात माणसं इतकी सोडून जात होती की वर्षाचा गळतीचा दर ३७० टक्के झाला होता. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्ड यांनी ८ तासांच्या दिवसाला ५ डॉलर जाहीर केले आणि जगभर बातमी झाली. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग हा पगार नव्हताच, तो ‘नफ्यातला वाटा’ होता. तो मिळवायचा तर कंपनीचे निरीक्षक घरी येऊन घर स्वच्छ आहे का, दारू किती, शिल्लक किती, हे पाहून जायचे. गळती मात्र खरोखर थांबली, कारण अटी मान्य केल्यावर हातात पडणारे पैसे खरे होते. एवढा भाग तुम्ही गाळायचा आहे.

विक्री विभागाला मात्र गुणकांत अडकवू नका, त्यांना सरळ एकच आकडा द्या आणि तो गाठला की नाही एवढंच विचारा. कसा गाठला हे विचारू नका. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक कुटुंबाला आठ उत्पादनं विकायचं ध्येय होतं आणि त्याची ‘एट इज ग्रेट’ अशी यमकबद्ध घोषणाही होती. कर्मचाऱ्यांनी ध्येय गाठलं. ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने खाती उघडून गाठलं. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला, आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचं बाहेर आलं. घोषणेला यमक होतं, तपासणीला नव्हतं. आणि कमिशनला वरची मर्यादा घातलीत तर मजा आणखी वेगळी. मर्यादा गाठलेला विक्रेता पुढचे सौदे खिशात ठेवून नव्या तिमाहीची वाट पाहत बसेल, आणि तुम्ही मंदी आली म्हणून अहवाल लिहाल.

आता पॅकेज फुगवायला घ्या. निवृत्तीनिधीतला कंपनीचा हिस्सा पॅकेजमध्ये मोजा. विम्याचा हप्ता मोजा. एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस पहिल्या वर्षाच्या आकड्यात मिळवा, म्हणजे दुसऱ्या वर्षी पगारवाढ होऊनही माणसाला आपली बेरीज कमी का येते ते कळणार नाही. शेअर देत असाल तर संख्या सांगा, हिस्सा सांगू नका. ‘१०,००० ऑप्शन’, म्हणजे ठरलेल्या भावात तेवढे शेअर घेण्याचा हक्क, ऐकायला भरगच्च वाटतं. कंपनीचे एकूण १० कोटी शेअर असतील तर तो ०.०१ टक्का होतो, पण हा भागाकार करायला खालचा आकडा लागतो आणि तो तुमच्याकडे आहे. चार वर्षांत थोडे थोडे हक्काचे होणार, पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलं तर शून्य. सोडल्यावर ९० दिवसांत स्वतःच्या खिशातून पैसे भरून शेअर घ्या, नाहीतर विसरा. ही शेवटची अट लेटरमध्ये नको, योजनेच्या जोडपत्रात असू द्या.

सवलती भरपूर ठेवा, पण प्रत्येक सवलतीच्या दारात एक अर्ज बसवा. माणूस आळशी नसतो, थकलेला असतो. अमेरिकेत २००१ साली ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शी या संशोधकांनी एका कंपनीतल्या निवृत्ती योजनेचा अभ्यास छापला. अर्ज भरून सामील व्हायचं होतं तेव्हा नवे लोक जेमतेम निम्मे यायचे. आपोआप सामील करून ‘नको असेल तर अर्ज करा’ असं ठेवलं, तेव्हा ऐंशी टक्क्यांच्या वर गेले. योजना तीच, पैसे तेच, फक्त अर्ज कोणी भरायचा ते बदललं. लोकांच्या भल्यासाठी काढलेला हा निष्कर्ष तुम्ही उलटा धरा. ज्यात कंपनीचा पैसा जातो ते अर्जाने, ज्यात माणसाचा जातो ते आपोआप.

रजा अमर्याद करून टाका. हा विनोद नाही, उत्तम हिशेब आहे. मोजून दिलेली रजा साठते, साठलेली रजा ताळेबंदात देणं म्हणून दिसते आणि माणूस जाताना तिचे पैसे द्यावे लागतात. अमर्याद रजेला शिल्लकच नसते, त्यामुळे देणंही नसतं. शिवाय वीस दिवस हक्काचे असताना माणूस वीस घेतो. हक्क नेमका किती हेच माहीत नसेल, तर तो साहेबाकडे पाहून घेतो. साहेबाला रजा घेऊ देऊ नका.

या सगळ्याचा पाया म्हणजे गुप्तता. लिली लेडबेटर या अमेरिकेत अलाबामातल्या गुडइयर या टायर कंपनीच्या कारखान्यात पर्यवेक्षक होत्या. त्यांना महिन्याला ३,७२७ डॉलर मिळायचे, त्याच पदावरच्या सर्वांत कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६. हे त्यांना वर्षानुवर्षं कळलं नाही. शेवटी कोणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली. २००७ साली सर्वोच्च न्यायालयात त्या हरल्या, कारण तक्रार मुदतीत केली नव्हती. जे माहीतच नाही त्याची तक्रार मुदतीत कशी करायची, हे कोडं सुटायला २००९ साली त्यांच्या नावाचा कायदा करावा लागला. तर चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांवर लक्ष असू द्या. युरोपात मात्र शाखा काढायचं लांबणीवर टाका. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार उमेदवाराला सुरुवातीचा पगार किंवा त्याची किमान-कमाल मर्यादा आधीच सांगावी लागते आणि त्याला जुना पगार विचारता येत नाही. जुना पगार विचारायचा नाही, तर नवा ठरवायचा कशावरून?

एवढं करूनही माणसं सोडून जातील. जाऊ द्या. बाजार वर्षाला ८ टक्क्यांनी चढत असताना तुम्ही ४ टक्के वाढ देत असाल, तर बाजारभावाने घेतलेला माणूस सहा वर्षांनी बाजाराच्या ८० टक्क्यांवर येतो. त्याच्या शेजारी नवा माणूस १०० वर बसतो, आणि काम शिकवायची जबाबदारी ८० वाल्यावर असते. ही गोष्ट त्याला बहुधा चहाच्या वेळी कळते. तो ९० मागेल. बजेट नाही म्हणा, ते खोटंही नाही, कारण वाढीचं खातं रिकामं असतं. तो गेला की त्याच्या जागी १०० वर माणूस आणा आणि भरती करणाऱ्या एजन्सीला वीस द्या. हे पैसे भरतीच्या खात्यातून जातात आणि ते खातं भरलेलं असतं. दोन्ही खात्यांची बेरीज एका कागदावर कोणी मागणार नाही, तुम्हीही करू नका. जाणाऱ्याच्या अर्जावर कारण ‘वैयक्तिक’ लिहा.

दोन वर्षांनी तोच माणूस १२० वर परत येईल. त्याचं जोरात स्वागत करा, फुलं द्या, फोटो काढा, ‘घरवापसी’ म्हणून पत्रिकेत छापा. फक्त जुना कर्मचारी क्रमांक देऊ नका, नाहीतर त्याची आधीची सहा वर्षं नोकरीत धरावी लागतील.