टॉर्च कानाशी धरून बघ, दादा

दादानं घरच्या ग्रुपवर पुतण्याच्या नव्या सायकलचा फोटो टाकला. सायकल झकास, पण चाकांतले, पेडलचे, मागचा, सगळे रिफ्लेक्टर गायब. विचारलं तर म्हणतो, "प्लास्टिकचे तुकडे ते, खडखडतात. उजेड पाडणं गाडीवाल्याचं काम, सायकलवाल्यानं कशाला नटायचं?" खाली नऊ अंगठे.

इथे जर्मनीत आहेतच, पण आपल्याकडे भारतातही 2023 पासून नव्या सायकलला रिफ्लेक्टर सक्तीचे आहेत, हे मी लिहिलं. त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर आलं: आधी खड्डे बुजवा म्हणावं.

दादानं मग अंगणात प्रयोग केला. मोबाईलचा टॉर्च कमरेशी धरून काढलेल्या रिफ्लेक्टरवर मारला. "काही चमकत नाही रे." चमकणार कसा? त्या लाल तुकड्याच्या पाठीवर बारीक बारीक कोपरे असतात, खोलीच्या कोपऱ्यासारखे, तीन बाजू एकमेकींना काटकोनात. उजेड तिन्हींवर आपटतो आणि आला त्याच वाटेनं माघारी जातो. साधा आरसा तो भलतीकडे फेकेल. ड्रायव्हरचे डोळे हेडलाइटच्या जवळपास असतात म्हणून त्यालाच तो पेटल्यासारखा दिसतो; कडेला उभ्या माणसाला नाही. टॉर्च कानाशी धरून बघ, म्हटलं. त्यानं बघितलं असणार, कारण मग दोन दिवस गप्प होता.

इथे हानोवरला डिसेंबरात चार वाजून गेले की मावळतं. माझ्या सायकलच्या टायरवर पांढरा पट्टा आहे. बाजूनं उजेड पडला की दोन गोल कडी फिरताना दिसतात. पेडलचे पिवळे तुकडे खालीवर होतात, डिप्परच्या उजेडातही सापडतात, आणि ही हालचाल पाय मारणाऱ्या माणसाची आहे हे डोळ्याला लगेच कळतं. मागच्या रिफ्लेक्टरला लोक ‘कात्सेनआउगे’ म्हणतात, मांजराचा डोळा. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दिवा न लावता निघालो म्हणून पोलिसानं मला 20 युरो दंड केला होता, ते नाही लिहिलं.

रिफ्लेक्टर असला की झालं, असंही नाही. गल्लीतून आडव्या येणाऱ्या गाडीचा उजेड तुमच्यावर पडेपर्यंत उशीर झालेला असतो; तिथे दिवाच हवा. ट्रकवाला दिव्यांच्या बराच वर बसतो, त्याच्यापर्यंत परतलेला उजेड कमी पोचतो. चिखल बसला की विषय संपला. पण दादाला एवढं कबूल केलं तर तो तेवढंच धरून बसेल. लहानपणी वडील काळ्या सायकलच्या मागच्या मडगार्डवरचा पांढरा पट्टा दर दिवाळीला नव्यानं रंगवायचे, आणि ब्रश धरायला दादाच असायचा. त्याला आता नटणं वाटतंय!

आता खरं सांगतो. गेल्या डिसेंबरात गावी गेलो होतो. कराडहून रात्री परतताना गाडी मी चालवत होतो, दादा शेजारी. समोरून उसाचा ट्रॅक्टर अप्पर मारत आला. मी डोळे बारीक केले, पुढे रस्ता रिकामा. "हळू. हळू घे, सायकल आहे," दादा म्हणाला. मला खरोखर काही दिसत नव्हतं. ब्रेक दाबला तेव्हा वाड्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, एक भारा रस्त्यावरून डुलत चाललेला दिसला, त्याच्याखाली चाक. रिफ्लेक्टर असलाच तर भाऱ्याखाली झाकलेला. पंधरा वर्षं मी लाल-पिवळे ठिपके शोधत गाडी चालवतोय. ठिपका नसेल तर माझ्या लेखी तिथे कुणी नसतं. दादाला त्या काळोखातला नुसता हलणारा काळोख ओळखता येतो. मलाही कधीतरी यायचा.

दादानं काच खाली करून त्या म्हाताऱ्याला विचारलं, "आबा, कुठवर?" तो पुढच्या वस्तीपर्यंतच निघाला होता. त्याच्या घराची वाट येईपर्यंत आम्ही मागून डिप्परवर, सायकलच्या चालीनं गेलो.

ही गोष्ट दादानं ग्रुपवर टाकली नाही. मी मात्र परत आल्यावर आठवड्याच्या आत टायरच्या पट्ट्याचा फोटो टाकला.