रीमाताईंना नुसतं 'सलमानची आई' म्हणू नका

आज दुपारी ग्रुपवर कुणीतरी रीमा लागूंवरचं एक रील टाकलं. डोळ्यांत पाणी, हातात आरतीचं तबक, मागे सनई, खाली ओळ 'बॉलिवूडची लाडकी आई'. झालं. जवळजवळ चाळीस वर्षांचं काम तेवढ्यात गुंडाळलं. डोक्यात तिडीक गेली माझ्या.

कारण मी ह्या बाईला पहिल्यांदा पाहिलं ते 'सविता दामोदर परांजपे' नाटकात. कॉलेजात होते, मावशीने दादरला नेलं होतं. एक साधी संसारी बायको आणि तिच्या अंगात शिरलेली ती दुसरी. रीमाताईंनी मान वळवली, नजर बदलली आणि मावशीने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. घरी येईपर्यंत आम्ही दोघी बोललो नाही. आणि अशा नटीच्या हातात तुम्ही कायमचं तबक देता?

१९८९ला 'मैंने प्यार किया'मध्ये सलमानची आई झाल्या तेव्हा त्या ३१ वर्षांच्या होत्या. 'वास्तव'मधला त्यांचा मुलगा, म्हणजे संजय दत्त, त्यांच्याहून एका वर्षाने लहान! हिरो पन्नाशीतही कॉलेजात जाणार आणि बाईला तिशीत आई करून टाकणार. ह्यावर करा की एखादं रील.

बरं, त्या आयांमुळेच त्या घरोघरी पोचल्या, हे मान्य.

आणि आईसुद्धा त्यांनी दरवेळी तीच नाही केली हो. 'वास्तव'च्या शेवटी ती आपल्याच पोराला गोळी घालते. थिएटरात ते बघताना मला दादरचीच ती नजर दिसली, आणि मी नकळत मनगट चोळत बसले. त्याच बाई टीव्हीवर 'तू तू मैं मैं'मध्ये सुप्रियाशी अशा भांडायच्या की आमच्या घरी भांडणं थांबवून सगळे बघायचे. 'श्रीमान श्रीमती'तली कोकी आठवते? आणि अगदी शेवटी 'नामकरण'मधली करारी, खाष्ट दयावंती. १८ मे २०१७ला गेल्या तेव्हाही त्या मालिकेत काम चालूच होतं. ५८ हे काय जायचं वय असतं?

मावशी आता नाही. ती असती तर हे रील बघून त्या पोराला फोन लावून झापला असता.

सुरुवातीला बँकेतली नोकरी सांभाळून नाटकं केली त्यांनी. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मध्ये नाना पाटेकरांसमोर अंबिका उभी केली. मला ते बघायला मिळालं नाही. तुमच्यापैकी ज्यांनी पाहिलंय त्यांनी खाली सविस्तर लिहा. कुठे पाहिलं, कुठला प्रवेश आठवतो, सगळं. मी वाचणार आहे आणि तो धागा त्याच ग्रुपवर टाकणार आहे.