थायमेट ‘घरगुती’ कधीपासून झालं?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. पहिला नणंदेकडून, शेवटचा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर. ‘खुराड्यातील माश्या, उवा, गोचीड एका रात्रीत गायब! १०० टक्के घरगुती उपाय. कोंबडीला व अंड्याला कोणताही अपाय नाही.’ खाली सहा कलमं. खुराड्याभोवती थायमेटचे दाणे टाका. तंबाखूचा काढा रॉकेलमध्ये मिसळून कोंबडीच्या अंगाला चोळा. घाणीवर कळीचा चुना आणि फिनेल मारा. डांबर गोळ्या टांगा. दारात पाण्याची पिशवी लटकवा. आणि अळ्या दिसल्या तर काळजी नको, कोंबड्याच खाऊन टाकतात, फुकटचं प्रोटीन.

मी काही जनावरांची डॉक्टर नाही. सोलापुरात घराच्या मागच्या परसात नऊ गावरान कोंबड्या आणि एक भांडकुदळ कोंबडा पाळते, एवढीच माझी लायकी. पण हा मेसेज वाचून गप्प बसवेना, कारण यातली निम्मी कलमं कोंबडी मारायची आहेत आणि उरलेली माश्या वाढवायची.

थायमेटपासूनच सुरू करते. इकडच्या शेतकऱ्याला हे नाव नवीन नाही. ज्वारीच्या खोडमाशीसाठी, उसाच्या बुडाला घालायला वर्षानुवर्षं वापरलेलं दाणेदार औषध ते. त्यात असतं फोरेट, अत्यंत जहाल विष. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे. माळ्यावर, शेतातल्या खोलीत जुनी अर्धी पिशवी मात्र अजून सापडते, आणि असल्या मेसेजमुळे ती बाहेर निघते. आता कोंबडी खाते कशी ते आठवा. तिला दात नाहीत. दाणा दळायला ती बारीक खडे गिळते आणि ते पेठ्यात साठवते, तोच पेठा जो आपण दुकानात कलेजीबरोबर मागून घेतो. जमिनीवर पडलेला प्रत्येक बारीक, टणक कण तिला एकतर दाणा वाटतो नाहीतर खडा. थायमेटचे दाणे नेमके तसेच दिसतात. हे विष मज्जातंतूंना थांबायचा इशाराच मिळू देत नाही. लाळ गळते, पाय लुळे पडतात, मग श्वास. पक्ष्यांच्या अंगात ही औषधं मोडून काढायची ताकद आपल्यापेक्षा बरीच कमी असते, म्हणून मूठभर लागत नाही, थोडेसे दाणे पुरतात. मेलेली कोंबडी कुत्र्याने ओढून नेली की कुत्रंही गेलं.

आणि एवढं करून माशी मरते का? फोरेट मातीतून मुळांत चढून पिकाचा रस शोषणाऱ्या किडीला मारतं. खुराड्याच्या जाळीवर बसलेली माशी मातीतले दाणे खायला खाली कशाला उतरेल? ‘थायमेट नको तर नुवान मारा’ असं कुणीतरी त्याच ग्रुपवर लिहिलं होतं. नुवानमधलं डायक्लोरव्हॉस त्याच कुळातलं, आणि त्याच तारखेला बंद झालेलं.

अंड्याला अपाय नाही म्हणे. २०१७ मध्ये युरोपात लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली होती. नेदरलँड्समध्ये खुराड्यातले रक्तपिपासू किडे मारायच्या औषधात फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक बेकायदा मिसळलं गेलं होतं आणि ते अंड्यात उतरलं. चरबीत विरघळणारं विष पिवळ्या बलकात जाऊन बसतं. अंडं उकडून ते जात नाही. आपण परसात कोंबड्या पाळतो त्या नातवंडांना घरचं अंडं मिळावं म्हणूनच ना?

तंबाखूचं कलम मी आमच्या शेजारच्या अक्कांना वाचून दाखवलं. अक्कांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. सुपात तंबाखू, मांडीवर पानं, पदरभर धूळ. ऐकून त्या हसल्याच नाहीत.

“काढा करून कोंबडीला चोळायचा? नव्या पोरी पहिल्यांदा बसतात की नाही, त्यांना नुसत्या वासानं गरगरतंय, उलट्या होतात. कोंबडी केवढी ओ ती, तिचं वजन किती!”

अक्कांना जे अनुभवाने कळतं तेच शास्त्रही सांगतं. निकोटिन कातडीतून थेट आत जातं. एके काळी अमेरिकेत उवांसाठी निकोटिनचं द्रावण कोंबड्यांच्या बसायच्या दांड्यांवर लावत, ते पुढे सोडून दिलं गेलं, इतकं ते घातक होतं. त्यात रॉकेल मिसळलं की कातडी भाजते, पिसांवरचं तेल जातं, आणि कोंबडी चोचीने पिसं साफ करताना ते सगळं गिळते. शिवाय उवांची लिखं पिसांच्या बुडाशी घट्ट चिकटलेली असतात, ती या असल्या एका फटक्यात मरत नाहीत. म्हणून डॉक्टर जी पावडर देतात ती आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावायची असते, पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी, आणि तेवढे दिवस अंडी खायची की नाही हेही त्यांनाच विचारायचं. पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लागतो. रोजच्या रोज मात्र कोंबडी स्वतःच उवा काढते. एक जुनं घमेलं घ्या, त्यात कोरडी चाळलेली माती आणि लाकडाच्या चुलीची राख घाला. (प्लॅस्टिक जाळलेली राख नको.) ती त्यात लोळते, पंख फडफडवून धूळ कातडीपर्यंत पोचवते. पाहायला बसलात तर अर्धा तास कसा गेला कळत नाही.

चुन्याबाबत मेसेज अर्धा खरा आहे आणि अर्ध्या खऱ्याचीच मला जास्त भीती वाटते. भिंतीला चुन्याची सफेदी दिली तर फटी बुजतात, ते उत्तमच. पण ओल्या घाणीवर कळीचा चुना टाकला की तो पाणी धरून तापतो आणि कोंबडीच्या पायांचे तळवे भाजतात. वर आणखी एक घोटाळा होतो. चुन्याने घाणीची आम्लता मोडली की तिच्यातला अमोनिया मोकळा सुटतो. सकाळी खुराड्याचं दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबतं ना, तोच. रात्रभर त्यात बसलेल्या कोंबडीचे डोळे आणि छाती दोन्ही बिघडतात. फिनेलबद्दल इतकंच सांगते की अंड्याच्या कवचाला हजारो बारीक भोकं असतात आणि वास आत शिरतो.

डांबर गोळी खाली पडली की कोंबडी टोचणार, आणि लहान मुलाच्या हाती लागली तर त्याहून वाईट. काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिने फुटतात. पाण्याच्या पिशवीने अपाय काही नाही आणि उपायही काही नाही. दारात निळ्या पाण्याची बाटली ठेवून कुत्री पळवणारे आपण, पिशवी लटकवायला कितीसा वेळ लागतो.

अळ्यांचं कलम मात्र सरसकट खोटं नाही. कोंबडी अळी खाते आणि आवडीने खाते. पण घरमाशीच्या पोटात कोंबडीच्या एका पट्टकृमीचं पिल्लू वाढतं, ते असं कोंबडीत जातं. आणि दुसरी गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकले. तीन वर्षांपूर्वी मेलेलं पिल्लू मी आळसाने उकिरड्यावर टाकलं. पुरायला हवं होतं, खोल. तिसऱ्या दिवशी त्यावर वळवळणाऱ्या अळ्या दोन कोंबड्यांनी वेचून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकीची मान पिळून टाकलेल्या फडक्यासारखी जमिनीवर पडली होती. डोळे उघडे, पण मान उचलता येईना. मेलेल्या प्राण्यात वाढणाऱ्या जिवाणूचं विष अळ्यांमध्ये साठतं आणि अळ्यांना काहीच होत नाही. ती संध्याकाळी गेली.

माशी कशाने येते हा प्रश्न मेसेजमध्ये कुठेच नाही. ओलीने येते. कोंबडीच्या ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं आणि माशीच्या अळीला तीच ओल लागते. विष्ठा वाळून ओल तीस टक्क्यांच्या खाली गेली की अळी जगत नाही. हे पटत नसेल तर माझ्यासारखं करून बघा. मागच्या महिन्यात मी पाण्याचं मातीचं भांडं उचललं. खाली वीतभर काळी चिकट माती, आणि त्यात भिजलेल्या तांदळासारख्या पांढऱ्या अळ्या, शेकड्यांनी. दोन हातांवर, उन्हात पडलेली तितकीच घाण होती. ती काडीने फोडली, आत भुसा. एक अळी नाही.

सोलापूरला ऊन आहे, मग इथे माश्या का? कारण मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत कोंबड्या दुपटीने पाणी पितात आणि विष्ठा पातळ होते. त्यात आपण त्यांच्यावर माया करून जाळीला भिजवलेलं गोणपाट बांधतो आणि ते रात्रंदिवस आतल्या भुशावर ठिबकतं. नळाला रोज पाणी नाही म्हणून पिंप भरून ठेवायचं, तेही खुराड्याला टेकूनच. गोणपाट बांधाच, पण बाहेरच्या बाजूने, पाणी बाहेर गळेल असं. पाण्याचं भांडं दोन विटांवर जाळीचा तुकडा टाकून त्यावर ठेवा. खाली भुईमुगाची टरफलं किंवा तूस, दोन-तीन इंच, रोज काडीने उकरायचं. ओलं झालं तेवढं उचलायचं. उन्हाळ्यात माशीच्या अंड्यापासून नवी माशी व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून दोनदा घाण काढली तर अळीला माशी व्हायची सवडच मिळत नाही. काढलेली घाण फरशीवर पातळ पसरा, बाकीचं काम आपलं ऊन करतं. मृगाचा पाऊस लागला की मात्र ही चैन संपते, तेव्हा झाकलेल्या खड्ड्यात पाचटाबरोबर थर देऊन कुजवायची.

सगळी घाण एकदम खरवडू नका, तळाचा कोरडा थर थोडा राहू द्या. त्यात माशीची अंडी आणि अळ्या खाणारे बारीक भुंगेरे असतात, माशीच्या कोशात अंडी घालणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या असतात. औषध मारलं की आधी हे मरतात, आणि हे माशीइतक्या भराभर वाढत नाहीत. म्हणून फवारणीनंतर पंधरा दिवसांनी माश्या दुपटीने दिसतात आणि लोक म्हणतात औषध भेसळीचं होतं. गुळाच्या पाण्याची बाटली सापळा म्हणून लावायची तर खुराड्यापासून दूर लावा, कारण तिचा वास माशीला बोलावतो.

गोचिडाचं वेगळं आहे, आणि ‘एका रात्रीत’ हा शब्द तिथे फारच विनोदी वाटतो. कोंबडीची मोठी झालेली गोचीड दिवसा अंगावर सहसा सापडत नाही. ती भिंतीच्या भेगेत, बांबूच्या पेरात दडते आणि रात्री रक्त प्यायला येते. कित्येक महिने उपाशी राहू शकते, म्हणून ‘खुराडं रिकामं ठेवलं होतं की’ याला अर्थ नाही. तिच्यामुळे कोंबडीला तापाचा एक आजारही होतो. तुरा फिका पडला, अंडी थांबली, तर रात्री दहानंतर बॅटरी घेऊन बघा: चपटी, राखाडी-निळसर, कडेला शिवण घातल्यासारखी. फटी सिमेंटने बुजवा, दांड्यांवर उकळतं पाणी ओता, पोखरलेला बांबू जाळून टाका आणि गुळगुळीत दांडी बसवा. मला दोन महिने लागले.

काल भाच्याने तोच मेसेज पाचव्यांदा पाठवला. “मामी, करून बघू का? आमच्याकडं लई माश्या झाल्यात.” मी म्हटलं, आधी पाण्याचं भांडं उचल आणि खालचा फोटो पाठव. फोटो आला. माती काळी होती.